खानापूर स्टेशन ते सांबरा विमानतळ : पहिल्या वर्गाचा जमाखर्च



खानापूरच्या आठवणी म्हटलं की मलप्रभेचा पूर, कौलांचे कारखाने, पावसाळ्यातली ती चार महिन्यांची ओल, यावर आपण सगळेच लिहितो. मी आज विमानातल्या पहिल्या वर्गावर लिहिणार आहे. हसू नका. ज्या गावात लहानपणी विमान फक्त ढगांच्या वर ऐकू यायचं, त्या गावच्या माणसाने हा विषय का घ्यावा, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

निमित्त असं झालं. गेल्या वर्षी ठाण्याला नात्यातलं एक लग्न होतं. पुण्याच्या नातवाने फोन केला. "आजोबा, बेळगावहून थेट मुंबईचं विमान आहे. पुढच्या सीटा घेऊ की मागच्या?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मागच्या. तासाभराचा तर प्रवास." आमची ही समोरच भाजी निवडत बसली होती. ती काही बोलली नाही. पण तिचा हात क्षणभर थांबला, तो मी पाहिला. मी फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी नातवाला परत लावला.

त्या दहा मिनिटांत जे डोक्यात आलं ते सविस्तर लिहितो. मी कॉमर्सचा माणूस. बेळगावच्या गोगटे कॉलेजातून बी.कॉम. झालो, आणि पुढची सगळी हयात बँकेत गेली. जमा कुठे आणि खर्च कुठे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. प्रवासाच्या नोंदी ठेवायचीही सवय होती. गाडी कुठली, सीट कुठली, उशीर किती, सगळं डायरीत. त्या डायऱ्या अजून कपाटात आहेत. म्हणून पुढचं बरंचसं आठवणीतून आहे आणि थोडंसं कागदावरून.

सुरुवात खानापूर स्टेशनपासूनच करावी लागेल. आपली लाईन तेव्हा मीटर गेज. ब्रॉडगेज व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. मुंबईला जायचं तर वाटेत गाडी बदलायची. डब्यांचे वर्ग तीन, पहिला, दुसरा आणि तिसरा. तिसरा वर्ग १९७४ साली रेल्वेने बंद केला, पण तोपर्यंत आमचा जन्म त्यातच गेला. लाकडी फळ्यांचे बाक, खाली गाठोडी, वर कोंबड्यांच्या टोपल्या. पहिल्या वर्गाचा डबा स्टेशनात आला की आम्ही पोरं धावत जाऊन खिडकीतून आत बघायचो. हिरव्या रेक्झिनच्या गाद्या, आरसा, आणि बहुतेक वेळा आत कुणीच नाही. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "बघून झालं असेल तर चला."

दादा एका कौलाच्या कारखान्यात हिशेबनीस होते. पगार बेताचाच होता. १९६१ साली आईच्या पोटात काहीतरी गंभीर निघालं आणि मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. मी दहा वर्षांचा. आईला बसवत नव्हतं, आडवंच राहावं लागत होतं. दादांनी तिकीट खिडकीवर जाऊन पहिल्या वर्गाची दोन तिकिटं काढली, एक आईचं आणि एक माझ्या आत्याचं. आम्ही दोघे तिसऱ्या वर्गात. बेळगाव, गोकाक रोड, घटप्रभा, कुडची, गाडी थांबली की दादा उतरून पळत पुढच्या डब्याच्या खिडकीशी जायचे, विचारायचे, आणि शिट्टी झाली की पळत परत. मी आमच्या दोघांच्या जागेवर पाय पसरून ती राखत बसलेला. आई मिरजेहून बरी होऊन आली, आणि पुढे चांगली पस्तीस वर्षं जगली.

ही गोष्ट इथे ठेवून देतो. परत लागणार आहे.

आता विमानाकडे वळू. आपल्या देशात १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. परदेशी जाणारी एअर इंडिया आणि देशात फिरणारी इंडियन एअरलाइन्स. देशातलं पहिलं जेट विमान म्हणजे इंडियन एअरलाइन्सचं फ्रेंच बनावटीचं कॅराव्हेल, ते १९६४ साली आलं. मग सत्तरच्या दशकात बोईंग ७३७, १९७६ साली मोठं एअरबस ए-३००, आणि १९८९ साली ए-३२०. मुंबई-दिल्ली हा दोन तासांचा मार्ग या सगळ्याचा राजरस्ता. पुढच्या वर्गाला इंडियन एअरलाइन्समध्ये 'एक्झिक्युटिव्ह' म्हणत. नाव काही असो, लोकांच्या तोंडी तो 'फर्स्ट क्लास'च. म्हणून मीही इथे पुढच्या सीटांना पहिला वर्गच म्हणणार आहे. 'बिझनेस' हा शब्द नंतर आला, आणि आपल्याकडच्या घरगुती उड्डाणांत दोन्हींचा अर्थ एकच झाला, पडद्यापुढची जागा.

माझ्या हुद्द्याला बँक विमानाचं तिकीट द्यायची, पण पडद्यामागचं. पुढे बसायला मिळालं ते नोकरीत तीनदा. पहिल्यांदा १९९२ साली, इंडियन एअरलाइन्सने मुंबई-दिल्ली. दिल्लीच्या एका बैठकीसाठी आमच्या वरिष्ठांना वाटेत आकडे समजावून सांगायचे होते, म्हणून त्यांच्या शेजारी माझी वर्णी लागली. सीट आरामखुर्चीसारखी रुंद, दोघांच्या कोपरांना पुरेल एवढा मधला हात, जेवण चिनी मातीच्या बशीत. हवाई सुंदरी वयाने मोठ्या आणि वागणूक एखाद्या करड्या मामीसारखी. "अजून एक पोळी?" असं विचारलं की नाही म्हणायची टाप नाही. खरं सांगतो, मला त्या दिवशी सीटपेक्षा माणसांची नजर जास्त आठवते. मागे जाणारा प्रत्येक जण आपल्याकडे बघत जातो. आणि आपल्यालाही बरं वाटतं, हे कबूल करायला हवं.

मग आला मोकळ्या आकाशाचा काळ. १९९२ ते १९९४ या दोन-तीन वर्षांत ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, जेट अशा खासगी कंपन्या उडू लागल्या. १९५३ चा कायदा १९९४ साली रद्द झाला आणि सरकारी मक्तेदारी कागदावरही संपली. त्यातल्या बऱ्याच कंपन्या पाच वर्षांत दिसेनाशा झाल्या. टिकली ती मुख्यतः जेट आणि सहारा. पुढे २००७ साली सहाराही जेटने घेतली.

जेट एअरवेजचं पहिलं उड्डाण मे १९९३ मधलं. मला १९९८ साली मुंबई-बंगळूर प्रवासात त्यांनी मागची जागा भरल्यामुळे पुढे बसवलं. विमान ७३७, पुढे चार-चार सीटांच्या मोजक्या रांगा. सीट इंडियन एअरलाइन्सपेक्षा फार रुंद होती असं नाही. फरक होता तो वेळेत आणि वागण्यात. विमान वेळेवर सुटलं. कोट लगेच घेऊन अडकवला. गरम ओला रुमाल, सरबत, आणि नावाने हाक. सीट तीच, पण माणूस पाहुणा झाला. सरकारी कंपनीलाही मग हे शिकावं लागलं. बँकांत खासगी बँका आल्यावर आम्हालाही काउंटरवर हसायला शिकावं लागलं, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा प्रसंग २००७ चा, किंगफिशरचा. ही कंपनी मे २००५ मध्ये सुरू झाली, पहिल्यांदा एकाच वर्गाची, आणि वर्षभरात त्यांनी 'किंगफिशर फर्स्ट' आणलं. पुन्हा काउंटरवरच्या कृपेने मी पुढे. मंडळी, छोट्या जेटमध्ये एवढी जागा मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. ए-३२० विमानात पुढे २० सीटा, दोन-दोनच्या पाच रांगा, आणि एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंत ४८ इंच. या अंतराला विमानवाले 'पिच' म्हणतात. मागच्या वर्गात ते साधारण २९ ते ३१ इंच असतं. मी पाच फूट आठ इंच. पाय पूर्ण लांब केले तरी पुढच्या सीटला लागेनात.

मी मात्र तिथे बसून रुमालाच्या मागे हिशेब करत होतो. तो तुम्हालाही सांगतो, कारण सगळ्या पहिल्या वर्गाचं मर्म त्यात आहे. ४८ इंचांच्या पाच रांगा म्हणजे २४० इंच. तेवढ्याच लांबीत ३० इंचांच्या आठ रांगा बसतात, आणि मागे एका रांगेत सहा माणसं. म्हणजे ४८. वीस जणांना ऐसपैस बसवण्यासाठी अठ्ठेचाळीस जणांची जागा दिली. एका पुढच्या माणसाने मागच्या २.४ माणसांची जागा खाल्ली. तेव्हा पुढचं तिकीट मागच्याच्या अडीच पट विकलं गेलं तरच बरोबरी, तीही सगळ्या सीटा रोज भरल्या तर. शिवाय जेवण, माणसं, लाऊंज. आणि माझ्यासारखा फुकटा पुढे बसला असेल तर ती सीट त्या दिवशी भरलीच नव्हती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरचा परवाना निलंबित झाला, बँकांच्या गटाची कर्जं थकली. एका पायलांब सीटमुळे कंपनी बुडत नाही. इंधन, कर्ज, एअर डेक्कनची खरेदी, बरंच काही होतं. पण ती सीट ही त्या स्वभावाची खूण होती. आपल्याकडे म्हण आहेच, अंथरूण पाहून पाय पसरावे.

त्याच काळात उलट्या टोकाची माणसंही आपल्याच राज्यातून निघाली. कॅप्टन गोपीनाथांनी २००३ साली बंगळुरातून एअर डेक्कन सुरू केली. पुढे तिचाच व्यवहार किंगफिशरशी झाला. स्पाइसजेट आणि गोएअर २००५ च्या, इंडिगो २००६ ची. यांचं सांगणं असं की पडदाच नको. ए-३२० मध्ये सगळ्या मागच्याच सीटा लावल्या तर १८० बसतात. ज्यांनी जन्मात विमान पाहिलं नव्हतं ते बसू लागले, आणि ही गोष्ट लहान नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेटही थांबलं. तेव्हा देशातल्या उड्डाणांत पहिला वर्ग राहिला तो मुख्यतः एअर इंडियाकडे आणि टाटांच्या विस्ताराकडे.

विस्तारा जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. माझ्या पासष्टीला, २०१६ साली, मुलाने हट्टाने दिल्लीचं पुढचं तिकीट काढून दिलं. सुरुवातीच्या त्यांच्या ए-३२० मध्ये १४८ सीटा होत्या, १६ पुढच्या, ३६ मधल्या 'प्रीमियम इकॉनॉमी'च्या आणि ९६ मागच्या. रेल्वेचे तीन वर्ग आठवले की नाही? मला तरी आठवले. सीट जेटच्या तोडीची, जेवण सगळ्यात चांगलं, बोलणं मऊ. पण मला रस होता तो त्या मधल्या वर्गात. थोडे जास्त पैसे, थोडी जास्त जागा. मध्यमवर्गाची नस त्यांनी बरोबर पकडली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, आणि त्याच महिन्यात इंडिगोने, जिने अठरा वर्षं पडदाच लावला नव्हता, दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाच्या १२ रुंद सीटा आणल्या. अंतर ३८ इंच. माझा रुमालावरचा हिशेब लावून बघा. चार-चारच्या तीन रांगा म्हणजे ११४ इंच, मागच्या जेमतेम चार रांगांची जागा. बारा जणांसाठी साधारण तेवीस जणांची. किंगफिशरला २.४, इथे १.९. अंथरूण पाहून पाय पसरणं याला म्हणतात.

परदेशातलं एक सांगायला हवं, म्हणजे तुलना पुरी होईल. मुलगी जर्मनीत असते. २०१४ साली तिच्याकडे गेलो तेव्हा फ्रँकफुर्टहून व्हिएन्नाला लुफ्तान्साने गेलो, मागे बसून. चढताना मी सवयीने पुढचा वर्ग न्याहाळला, आणि चकित झालो. पुढच्या सीटा अगदी मागच्यासारख्याच! तीन-तीनच्याच रांगा, तेवढ्याच रुंद. फरक एवढाच की मधल्या सीटवर कुणाला बसवत नाहीत. ती रिकामी ठेवतात. मधला पडदा सरकता असतो. त्या दिवशी पुढची तिकिटं जास्त गेली तर पडदा मागे, कमी गेली तर पुढे. युरोपातल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांची हीच रीत. याउलट अमेरिकेत छोट्या उड्डाणांनाही पुढे दोन-दोनच्या रुंद खुर्च्याच असतात, आणि त्याला ते सरळ 'फर्स्ट' म्हणतात.

मला जावयाने विचारलं, "यात पैसे देण्यासारखं काय आहे?" मी तेव्हा म्हटलं, काहीच नाही. आपल्याकडचा मान तरी दिसतो. आता मला वाटतं, हिशेबात जर्मन माणूस आपल्यापेक्षा पुढे आहे. तास-दीड तासाच्या प्रवासात माणसाला खरी कशाची गरज असते? झोपायला पलंग नको. पाच पदार्थांचं जेवण नको, घरून जेवून निघता येतं. गरज असते ती दोन गोष्टींची. दोन्ही कोपरं आपली असावीत, आणि उठावंसं वाटलं तर कुणाच्या पाया न पडता उठता यावं. या दोन्ही गोष्टी मधली सीट हिरावून घेते. युरोपवाले तेवढीच विकतात. आपण आणि अमेरिकावाले त्याच्यासोबत मान विकतो. मागून जाणाऱ्यांनी आपल्याकडे बघायचा मान.

विमानाच्या अंगाचाही यात भाग आहे. ७३७ ची रुंदी जुन्या ७०७ वरून आली, आतून साधारण ३.५४ मीटर. ए-३२० ची ३.७०. ही सोळा सेंटिमीटर सहा जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला एक इंच येतो. तो इंच मागच्या माणसाला कळतो, पुढच्याला कळतही नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, कंपनी बघण्याआधी विमान बघा.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी इतकं दळण दळलं.

२००९ चा डिसेंबर. मुलगा तेव्हा गुरगावला होता. आम्ही दोघं त्याच्याकडे महिनाभर होतो. तिथे हिची कंबर धरली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवसांनी जाऊ शकता, पण सलग बसायचं नाही. अधूनमधून उठून उभं राहायचं." परतीची तिकिटं बँकेच्या सवलतीत मागच्या वर्गाची होती. मी कंपनीच्या कार्यालयात जाऊन चौकशी केली. पुढच्या वर्गात जागा होती. हिच्या एकटीच्या तिकिटाला जवळजवळ नऊ हजार जादा, खिशातून. मी तो आकडा कागदावर लिहून घेतला, बाहेर आलो, चहा घेतला, आणि ठरवलं की दोन तासांचा तर प्रश्न आहे. नऊ हजार माझ्याकडे नव्हते असं नाही. अधिकारी होतो. पण नऊ हजार, दोन तासांना? हात धजेना. आणि घरी येऊन मी तिला काही सांगितलंच नाही.

कंपनी कुठली ते लिहीत नाही, दोष तिचा नव्हता. विमान भरलेलं. आम्हाला वेगवेगळ्या रांगांत जागा मिळाल्या, हिला मधली. कडेचा माणूस सुटायच्या आधीच झोपला. हिच्या स्वभावात परक्या माणसाला उठवणं नाही. विमान जमिनीवरच पाऊण तास उभं राहिलं, मग दोन तास उड्डाण. ती एकदाही उठली नाही. मुंबईला सगळे उतरले तरी ती जागेवरच. मी मागून पुढे आलो तर डोळ्यांतून पाणी, तोंडातून शब्द नाही. चाकांची खुर्ची मागवावी लागली. पुढे तीन आठवडे अंथरुणात. डॉक्टर म्हणाले, सीटमुळेच झालं असं काही सांगता येत नाही. त्यांनी मला सोडवलं. मी मला सोडवू शकलो नाही.

त्या खुर्चीवरून जाताना तिने विचारलं होतं, "पुढं त्या मोठ्या सीटा रिकाम्या होत्या की वो. त्या कुणासाठी असतात?"

मी म्हटलं, "कंपनीवाल्यांसाठी. आपल्याला मिळत नाहीत."

तो नऊ हजारांचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता.

त्यानंतर दोन वर्षांनी मी निवृत्त झालो, खानापूरला आलो, आणि दादांच्या ट्रंका आवरायला काढल्या. त्यांच्या रोजकीर्दी निघाल्या. लाल कापडी बांधणी, शाईने लिहिलेलं सुरेख मोडदार अक्षर. १९६१ चं वर्ष काढलं. मिरजेचा प्रवास सापडला. आमच्या दोघांची तिसऱ्या वर्गाची तिकिटं 'प्रवासखर्च' या खात्यात. आणि आईचं पहिल्या वर्गाचं? ते त्या पानावर नव्हतंच. शोधलं तेव्हा दोन पानं पुढे सापडलं. 'औषधपाणी' या खात्यात, डॉक्टरांची फी आणि गोळ्यांच्या मधोमध.

मी तीस-पस्तीस वर्षं लोकांची खाती तपासली. कुठली रक्कम कुठल्या खात्यात जाते हे शिकवायला मला बँक पगार देत होती. आणि इथे कौलाच्या कारखान्यातला हिशेबनीस, ज्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याला जे खातं बरोबर सापडलं ते मला सापडलं नव्हतं. मी ते नऊ हजार 'चैन' या खात्यात लिहिले, आणि चैन या खात्यात आपल्या घरात शिल्लक नसतेच. म्हणून नाकारले. ती रक्कम 'औषधपाणी'त लिहिली असती तर मी पेन उचलायलाही थांबलो नसतो.

गेल्या वर्षी सांबऱ्याहून निघालो तेव्हा हे सगळं मनात होतं. सांबऱ्याचा विमानतळ आपल्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तो लष्करासाठी बांधला गेला. हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहेच. पण आपल्यासारख्यांसाठी तो कधी चालू, कधी बंद. विमान धरायचं तर घाट उतरून गोव्याला दाभोळीला जायचं, हीच रीत होती. सप्टेंबर २०१७ मध्ये नवी इमारत झाली, 'उडान' योजनाही आली, आणि २०१९ मध्ये कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर सुरू झाली. तिची सुरुवातीची विमानं एम्ब्रेअर १४५, पन्नास सीटांची. एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन. मधली सीट नावालाही नाही! जर्मनीत ज्यासाठी जादा पैसे घेतात, ते आमच्या सांबऱ्याला साध्या तिकिटात. नंतर आली एम्ब्रेअर १७५, ७६ सीटांची. तिच्यात मागच्या ६४ सीटा दोन-दोनच्या, म्हणजे तिथेही मधली नाही. आणि पुढे १२ सीटा, एका बाजूला एकेक, दुसऱ्या बाजूला दोन-दोन.

आम्हाला त्या पुढच्या मिळाल्या. हिला एकटी सीट, एका हाताला खिडकी, दुसऱ्या हाताला वाट. मी वाटेपलीकडे. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती पायऱ्या हळू चढते. पण सीट दारापासून चार पावलांवर. बसली, पाय पुढे केले, उगाचच एकदा उभी राहिली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "या सीटा आपल्याला मिळत नाहीत म्हणाला होता की वो तुम्ही. मग या कशा मिळाल्या?"

पंधरा वर्षं झाली होती. तिला शब्दन् शब्द आठवत होता.

मी सांगून टाकलं. चौकशी केली होती, जागा होती, नऊ हजार मागितले होते, मी खोटं बोललो. विमान तेव्हा धावपट्टीवर वळत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खाली सांबऱ्याची शेतं मागे गेली. मग माझ्याकडे न बघताच बोलली, "तेव्हा विचारलं असतं तर मीच नको म्हटलं असतं. नऊ हजार म्हणजे काय थोडे? पण विचारायचं होतं की वो."

एवढंच. मग खायला आलं, ते तिने शांतपणे खाल्लं आणि माझ्याकडचं लोणचंही मागून घेतलं. मुंबईला उतरताना मी हात पुढे केला. तिने धरला. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

तर मंडळी, तुलना विचाराल तर माझ्या डायरीचा निष्कर्ष असा. जागेत किंगफिशर पहिली, आणि तीच टिकली नाही. जेवणात विस्तारा. वेळ आणि अदब, नव्वदच्या दशकातली जेट. घरच्यासारखा धाक, इंडियन एअरलाइन्स. अक्कल जर्मनांची. आणि तासाभराच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसाला खरं जे लागतं, ते मला मिळालं आमच्या सांबऱ्याच्या लहान विमानात. तरुण आणि धडधाकट माणसाने तासाभरासाठी पुढच्या सीटला पैसे घालू नयेत, हे माझं मत आजही कायम आहे. त्यापेक्षा कडेची सीट मागून घ्या आणि उरलेल्या पैशांत चार जणांना कुंदा न्या. पण घरात कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर तिकीट काढण्याआधी एकदा खातं तपासा. ते 'चैन' आहे की 'औषधपाणी', हे ठरवा. आणि ज्याच्या अंगाचा प्रश्न आहे त्याला विचारा. तो नको म्हणेल, आपल्या घरात सगळेच नको म्हणतात. तरी विचारा.

तुमच्यापैकी कुणी जुन्या मीटर गेजच्या पहिल्या वर्गाने खानापूर ते मिरज गेलं असेल, किंवा कुणाच्या आजोबांच्या रोजकीर्दीत असं काही सापडलं असेल, तर जरूर लिहा. दादांची ती १९६१ ची वही मी पुन्हा ट्रंकेत ठेवलेली नाही. टेबलावरच असते. गेल्या वर्षीची आमची दोन तिकिटं मी तिच्यातच ठेवली आहेत, त्याच पानावर.